‘आवाज निघाला नाही’ : अपिलांची भाषांतरं करणाऱ्या एका दुकानाबद्दल

छत्रपती संभाजीनगरला उच्च न्यायालयाच्या खंडपीठापासून पायी दहा-बारा मिनिटांवर, एका दवाखान्यामागच्या गल्लीत हे दुकान आहे. पाटीवर तीनच शब्द : टायपिंग, झेरॉक्स, भाषांतर. नाव लिहू नका असं दुकान चालवणाऱ्या काकांनी सांगितलं, म्हणून लिहीत नाही. कोर्टाच्या कामाची जाहिरात होऊ नये असं त्यांचं म्हणणं आहे आणि मला ते पटतं. पण गेल्या सहा वर्षांत मी त्यांच्याकडून चौदा अपिलांची भाषांतरं करून घेतली, त्यातली अकरा लैंगिक गुन्ह्यांची. ‘भाषांतर कुणाकडून करून घेता?’ हा प्रश्न जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या वकिलांनी मला इतक्यांदा विचारलाय, की एकदा सविस्तर लिहिलेलं बरं. ज्यांना जायचं असेल त्यांनी मला विचारा, पत्ता देते.

मी फौजदारी अपिलं चालवते. काही विधी सेवा समितीकडून येतात. त्यात बहुतेकदा आरोपीच्या बाजूने उभं राहायचं असतं, कारण तुरुंगातल्या ज्या माणसाला वकील परवडत नाही त्याला तो द्यावाच लागतो. बाकीच्यांत मी पीडितेची वकील असते. ३१ डिसेंबर २००९ पासून तिला सुटकेच्या निकालाविरुद्ध स्वतःहून अपील करता येतं, आणि २०१८ च्या मल्लिकार्जुन कोडगली निकालानंतर त्यासाठी आधी न्यायालयाची अनुमतीही मागावी लागत नाही. दोन्ही बाजूंनी काम केलेलं काही जणांना आवडत नाही. मला मात्र त्यामुळेच भाषांतर पारखता यायला लागलं. एका बाजूला सोयीचं झालेलं भाषांतर दुसऱ्या बाजूला कसं मारक ठरतं, हे मी दोन्ही खुर्च्यांत बसून पाहिलंय.

नव्या वाचकांसाठी अडचण थोडक्यात सांगते. आपल्याकडे सत्र न्यायालयात साक्ष मराठीत होते. १९९८ च्या अधिसूचनेने खालच्या न्यायालयांची भाषा मराठी झाली. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांचं कामकाज मात्र घटनेच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे इंग्रजीत चालतं. खंडपीठावर मराठी जाणणारे न्यायमूर्ती असले तर मूळ नोंद वाचून दाखवता येते, आणि कित्येकदा तेच ती आपल्याआधी वाचून आलेले असतात. मराठी न जाणणारे असले, किंवा प्रकरण दिल्लीला न्यायचं असलं, की पान न् पान इंग्रजीत करावं लागतं. आणि अपिलात साक्षीदार पुन्हा पिंजऱ्यात येत नाही. सत्र न्यायाधीशांनी तिला बोलताना पाहिलेलं असतं. ती कुठे अडखळली, कुठे आवंढा गिळला, कुठल्या प्रश्नाला मान वर करून उत्तर दिलं. वरच्या न्यायालयापुढे फक्त पेपरबुक, म्हणजे प्रकरणाच्या कागदांचा बांधलेला संच, असतो. लैंगिक गुन्ह्यात पुष्कळदा दुसरा साक्षीदारच नसतो, त्यामुळे तिच्या एकटीच्या शब्दावर दहा वर्षांची शिक्षा टिकणार की जाणार हे त्या पानांवरून ठरतं.

आमच्या खानदेशात त्याच्याही आधी आणखी एक पायरी असते. मी मूळची शिरपूरकडची, घरात अहिराणी. साक्षीदार बाई अहिराणीत बोलते, न्यायाधीश ते प्रमाण मराठीत लघुलेखकाला सांगतात, तो टाइप करतो, आणि मग कुणीतरी त्याचं इंग्रजी करतं. मूळ बोलणं तीनदा हात बदलून न्यायमूर्तींपर्यंत पोहोचतं.

काकांकडे मी पहिल्यांदा गेले ती घाबरून गेले होते. प्रकरणातलं गाव, नाती, वर्ष मी इथे सांगत नाही, ओळख पटायला नको. मी पीडितेच्या बाजूने होते. आरोपीला शिक्षा झाली होती, त्याचं अपील सुनावणीला लागलं होतं. भाषांतर मी एका ऑनलाइन सेवेकडून करून घेतलं होतं. दर कमी होता, दोन दिवसांत फाइल ईमेलवर आली, टाइप सुबक होता, मी वरवर चाळली. सुनावणीच्या आदल्या रात्री नीट वाचायला बसले आणि पान ११ वर थांबले. ‘शी डिड नॉट शाउट.’ मूळ नोंद काढली. तिथे लिहिलं होतं : ‘माझ्या तोंडातून आवाज निघाला नाही.’ आणि मी तिला भेटले होते, ती काय म्हणाली होती हे मला शब्दशः आठवत होतं : ‘मना आवाजच निंघना नही.’

ओरडले नाही आणि आवाज निघाला नाही. पहिल्यात बाईने काहीतरी करायचं टाळलं. दुसऱ्यात तिचं शरीर गोठलं. समोरच्या वकिलांच्या लेखी युक्तिवादात तेच इंग्रजी वाक्य ठळक अक्षरात होतं : शेजारी वीस फुटांवर घरं, तरी ती ओरडली नाही, म्हणजे संमती होती.

हा युक्तिवाद नवा नाही, आणि त्याचा इतिहास आपल्याच राज्यातला आहे. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराचा खटला. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं. नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि सांगितलं, की भीतीने गप्प राहणं ही संमती नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नव्हत्या, म्हणून तिची प्रतिकाराची गोष्ट खोटी धरली. ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा तो निकाल. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार विधी अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले, आणि १९८३ मध्ये पुरावा कायद्यात कलम ११४-अ आलं : कोठडीतल्या आणि त्यासारख्या काही बलात्कारांत शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाई म्हणाली की माझी संमती नव्हती, तर नव्हती असंच न्यायालय धरून चालेल. २०१३ मध्ये बलात्काराच्या व्याख्येतच लिहिलं गेलं, की केवळ शरीराने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानता येणार नाही. एवढ्या वर्षांच्या लढ्यानंतर कायद्यात आलेली ही गोष्ट एका घाईच्या भाषांतराने माझ्या फाइलमधून पुसून टाकली होती, आणि मी ती फाइल न वाचता दाखल केली होती.

दुसऱ्या दिवशी मी न्यायमूर्तींना चूक सांगितली, मूळ पान दाखवलं, वेळ मागितला. दोन आठवडे मिळाले. एका ज्येष्ठ वकिलांनी काकांचं नाव सांगितलं.

काका जिल्हा न्यायालयात लघुलेखक होते, एकतीस वर्षं. निवृत्तीनंतर हे दुकान. टायपिंग त्यांची भाची करते. मी माझी फाइल पुढे ठेवली, तेव्हा त्यांनी आधी इंग्रजी बघितलंच नाही. म्हणाले, ‘ताई, फक्त साक्ष आणलीत. फिर्याद कुठाय? कलम १६४ चा जबाब? घटनास्थळाचा पंचनामा?’ मी म्हटलं, ते तर आधीच दुसऱ्याकडून करून झालंय. ते म्हणाले, ‘मग मी करत नाही. सगळं एका हातून झालं पाहिजे.’

तेव्हा मला तो हट्ट वाटला. आता मी तो या दुकानाचा सगळ्यात मोठा गुण मानते. कारण अपिलात न्यायालय काय बघतं? फिर्याद, दंडाधिकाऱ्यांपुढचा (कलम १६४ चा) जबाब आणि साक्ष यांत तफावत आहे का. २०१२ च्या राय संदीप निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की एकट्या साक्षीदाराच्या शब्दावर शिक्षा द्यायची तर तो साक्षीदार अस्सल हवा : पहिल्या जबाबापासून कोर्टातल्या साक्षीपर्यंत एकसारखा, उलटतपासात न डगमगणारा. आता फिर्याद एकाने भाषांतरित केली आणि साक्ष दुसऱ्याने, तर काय होतं बघा. माझ्याच फाइलमध्ये फिर्यादीतला ‘ओटा’ एका भाषांतरकाराने ‘व्हरांडा’ केला होता आणि साक्षीतला तोच ‘ओटा’ दुसऱ्याने ‘कोर्टयार्ड’. बाई दोन्ही वेळा ओटाच म्हणाली होती. इंग्रजीत घटनास्थळ बदललं.

नात्यांचं तर विचारू नका. दीर, मेहुणा, साडू, नणंदेचा नवरा, सगळे इंग्रजीत ‘ब्रदर-इन-लॉ’. एका प्रकरणात दीर आणि मेहुणा अशी दोन वेगळी माणसं होती. एकाला बाईने सगळ्यात आधी घडलेलं सांगितलं, दुसरा तिच्याविरुद्ध बचावाचा साक्षीदार होता. इंग्रजी वाचणाऱ्याला एकच माणूस दोन तोंडांनी बोलतोय असं वाटलं असतं. काका ‘हजबंड्स यंगर ब्रदर’ लिहितात, वाक्य लांबलं तरी चालेल, आणि तळटीपेत मूळ शब्द देवनागरीत ठेवतात. ही तळटीपेची पद्धत मी दुसऱ्या कुणाकडे पाहिली नाही. ‘परवा’सारखा शब्द आला, की कालच्या आधीचा की उद्यानंतरचा हे संदर्भावरून ठरवून तळटीपेत तसं सांगतात. फिर्याद किती दिवस उशिरा दिली हा वाद जिथे असतो तिथे तो एक शब्द फार मोठा असतो.

‘वाईट काम केलं’ या शब्दांवर मी त्यांच्याशी भांडलेय. आपल्या बायका कोर्टात दुसरं काही म्हणतच नाहीत. लाज, सवय, समोर बसलेली गर्दी. मला वाटायचं, संदर्भ स्पष्ट आहे तर सरळ कायद्यातला शब्द घाला. काका ठाम नाही म्हणाले. ‘तिने जे सांगितलं नाही ते मी सांगायचं नाही. सरकारी वकिलांनी तिथेच विचारायला पाहिजे होतं, वाईट काम म्हणजे काय.’ ते शब्दशः भाषांतर करतात आणि तळटीपेत लिहितात, की हा बोलीतला सभ्य पर्याय आहे, याचा अर्थ संदर्भाने लावावा. आधीच्या त्या ऑनलाइन सेवेने ‘बॅड जॉब’ केलं होतं. कुणीतरी स्वयंपाक बिघडवला असावा तसं. मला ते वाचताना राग आला होता आणि अजून येतो.

स्पर्शाच्या शब्दांतही तसंच. हात लावला, हात धरला, दाबलं, अंगावर हात टाकला. प्रत्येकाची तीव्रता वेगळी, आणि ‘अंगावर हात टाकला’ याचा अर्थ मारलं असाही होतो. शब्दाचा कीस काढून काय होऊ शकतं, हे आपण जानेवारी २०२१ मध्ये नागपूर खंडपीठाच्या निकालात पाहिलं. पॉक्सोच्या, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याच्या, कलम ७ मधल्या शारीरिक संपर्काचा अर्थ त्वचेला त्वचेचा स्पर्श असा लावला गेला आणि कपड्यावरून केलेलं कृत्य त्या कलमाबाहेर गेलं. त्या वर्षी १८ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो अर्थ रद्द केला. महत्त्वाचा आहे तो लैंगिक हेतू. तिथे वाद कायद्याच्या इंग्रजी शब्दांचा होता, हे खरं. पण साक्षीतला शब्दच जर भाषांतरात सौम्य किंवा भडक झाला, तर कायद्याचा अर्थ बरोबर लावूनही निकाल चुकतो.

आता दुसरी बाजू. हे लिहिल्याशिवाय परीक्षण अर्धवट राहील.

त्यानंतर दोन वर्षांनी विधी सेवा समितीकडून माझ्याकडे एका आरोपीचं अपील आलं. सात वर्षं आत होता. अंधारात झालेली घटना, चेहरा पाहिलेला नाही. शेजारणीच्या साक्षीत वाक्य होतं : ‘पळून जाणारा माणूस तोच असावा.’ रेकॉर्डला असलेल्या इंग्रजीत : ‘द मॅन हू रॅन अवे मस्ट बी द अक्यूज्ड.’ काकांनी ते वाक्य वाचून पेन खाली ठेवलं. ‘असावा’ म्हणजे अंदाज. बाई म्हणतेय, मला वाटतं तोच होता. इंग्रजीत ती म्हणतेय, तोच, दुसरा कोणी असूच शकत नाही.

फौजदारी वकिलाला इथे १९७३ चा शिवाजी साहेबराव बोबडे निकाल आठवल्याशिवाय राहत नाही. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यात सांगितलं, की आरोपी दोषी ‘असू शकतो’ आणि दोषी ‘असलाच पाहिजे’ यांत फार मोठं अंतर आहे, आणि तेच अंतर अंदाजाला खात्रीपासून वेगळं करतं. १९८४ च्या शरद बिरधीचंद सारडा निकालाने परिस्थितीजन्य पुराव्याची जी पाच सूत्रं घातली, त्यातल्या पहिल्याच सूत्रात हा विचार आहे. दोन्ही खटले महाराष्ट्रातले. आणि नेमक्या त्या अंतरावरून एक भाषांतरकार ‘असावा’वर पाय देऊन पलीकडे गेला होता.

तो माणूस संशयाचा फायदा मिळून सुटला. त्या मुलीवर गुन्हा घडला होता याबद्दल मला तेव्हा शंका नव्हती, आज नाही. तो कुणी केला हे कागदावर सिद्ध झालेलं नव्हतं. निकालाच्या दिवशी मी घरी येऊन जेवले नाही. तरीही ते भाषांतर मी पुन्हा तसंच करून घेईन.

त्या दिवशी काकांनी मला त्यांचा नियम सांगितला, तो मी माझ्या शब्दांत मांडते. मूळ साक्षीत विसंगती असेल तर ती भाषांतरात राहिली पाहिजे, आणि मुळात नसेल तर भाषांतरात येता कामा नये. फिर्यादीत ‘घेऊन गेला’ आणि साक्षीत ‘ओढत नेलं’ असेल तर दोन्हींना ‘टूक’ म्हणून मोकळं व्हायचं नाही. तो फरक आरोपीच्या वकिलाचा हक्क आहे. तो फरक किरकोळ आहे की गाभ्याचा, हे न्यायालय ठरवेल. १९९६ च्या गुरमित सिंग निकालाने सांगितलं आहे, की किरकोळ विसंगतीवरून पीडितेची साक्ष फेकून द्यायची नाही, प्रकरणाचा व्यापक विचार करायचा. त्याच्याही आधी, १९९० मध्ये नागपूरच्याच एका पोलीस उपनिरीक्षकाच्या प्रकरणात, चंद्रप्रकाश जैन निकालाने तिला साथीदार गुन्हेगाराच्या रांगेतून उठवून जखमी साक्षीदाराच्या जागी बसवलं. तिच्या शब्दाला दुसऱ्याचा दुजोरा मागत बसायचं नाही. आणि २००८ च्या राजू निकालात हेही आहे, की तिचं प्रत्येक वाक्य वेदवाक्य धरता येणार नाही, खोट्या आरोपाने माणूस उद्ध्वस्त होतो. हे सगळे निकाल एकत्र वाचावे लागतात. पण ते लावायचे कशाला? साक्षीला. साक्षच चुकीची पोहोचली तर सगळे निकाल हवेत.

सुटकेविरुद्धच्या अपिलात हे जास्त झोंबतं. २००७ च्या चंद्रप्पा निकालापासून सूत्र पक्कं आहे : सुटकेने आरोपीच्या निर्दोषत्वाचं गृहीतक दुप्पट घट्ट होतं, आणि पुराव्यावरून दोन वाजवी निष्कर्ष निघत असतील तर खालच्या न्यायालयाच्या निष्कर्षाला हात लावायचा नाही. म्हणजे पीडितेची वकील म्हणून मी उभी असते तेव्हा दुसरा निष्कर्ष निघायला एक गबाळं वाक्य पुरतं.

सगळ्यात धोक्याचं वाक्य कुठलं, हे मला काकांच्या भाचीने शिकवलं. उलटतपासातली नोंद आपल्याकडे अशी असते : ‘माझे व आरोपीचे आधीपासून प्रेमसंबंध होते व घरच्यांना कळल्यामुळे मी खोटी फिर्याद दिली हे म्हणणे खरे नाही.’ चार ओळींचं वाक्य आणि ‘नाही’ अगदी शेवटी, कधी पुढच्या पानावर. टाइप करताना तो एक शब्द गळाला की नकाराचा कबुलीजबाब होतो. त्या दुकानात मूळ साक्षीच्या झेरॉक्सवर प्रत्येक ‘खरे आहे’खाली हिरवी आणि ‘खरे नाही’खाली लाल पेन्सिल मारतात, दोन्हींची संख्या समासात लिहितात आणि भाषांतर झालं की आकडे जुळवतात. मागच्या कामात लाल ६१ होते, हिरवे १७. जुळले तेव्हाच बाइंडिंगला गेलं. मी आता माझ्या ज्युनिअरना हेच करायला लावते, भाषांतर नसलं तरी.

गोपनीयतेबद्दल. पीडितेचं नाव उघड करणं गुन्हा आहे. आधी भारतीय दंड संहितेचं कलम २२८-अ, आता न्याय संहितेचं ७२. २०१८ च्या निपुण सक्सेना निकालाने तर स्पष्ट केलं, की नाव झाकून गाव, शाळा, आईबाप उघडे ठेवले तर ते नाव उघड केल्यासारखंच. एका कोर्टाच्या आवारातल्या झेरॉक्सवाल्याकडे मी अशा प्रकरणाच्या बिघडलेल्या प्रती वडापाव बांधायला वापरलेल्या पाहिल्या आहेत, तेव्हापासून मी हे आधी बघते. काकांकडे खराब प्रती तिथल्या तिथे फाडतात, व्हॉट्सअपवर एकही पान घेत नाहीत आणि देत नाहीत, काम झालं की पेनड्राइव्ह परत आणि संगणकावरची फाइल तुमच्यासमोर पुसतात. भाषांतरात ‘एक्स’, ‘एक्सची आई’, ‘गाव वाय’ असं, आणि खऱ्या नावांचा तक्ता बंद पाकिटात वेगळा. दुकानात दुसरं गिऱ्हाईक असेल तर काका त्या कागदातला मजकूर मोठ्याने वाचत नाहीत. शंका असली तर त्या ओळीवर बोट ठेवून विचारतात.

वैद्यकीय कागद बहुतेक इंग्रजीतच असतात, त्यात त्यांचं काम थोडं. पण जुन्या अपिलांतल्या अहवालांत दोन बोटांच्या चाचणीचे शेरे अजून सापडतात. २०१३ च्या लिलू निकालाने ती चाचणी तिच्या खाजगीपणावर घाला ठरवली, ३१ ऑक्टोबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरायला सांगितलं. काका तो मजकूर आहे तसा टाइप करतात, गाळत नाहीत. मीच माझ्या टिपणात त्यावर या निकालांचा उल्लेख लावते. तिच्या चारित्र्यावरचे उलटतपासातले जुने प्रश्नही तसेच टाइप होतात. ते गैरलागू आहेत हे सांगणं माझं काम.

आता तक्रारी, त्याही आहेत.

वेळ फार लागतो. साठ पानांना नऊ-दहा दिवस धरा. दर पानाला १८० रुपये, म्हणजे ऑनलाइन सेवेच्या जवळपास दुप्पट, आणि सगळा संच एकत्र द्यायचा असल्याने बिल मोठं होतं. विधी सेवेच्या प्रकरणांत मला ते खिशातून भरावं लागलंय. तातडीचं काम घेतच नाहीत, कितीही पैसे देतो म्हटलं तरी. उन्हाळ्याच्या सुट्टीआधीचे तीन आठवडे तर जाऊच नका. अस्पष्ट हस्ताक्षर असलं की ‘वाचता येत नाही’ असं लिहून मोकळे होतात. अंदाज करत नाहीत हे बरोबरच, पण कधी कधी जरा भिंग लावून बघायला हवं होतं असं मला वाटलंय.

आणि एकदा मोठी चूक झाली. साक्षीची मूळ पानं लीगल आकाराची, आणि सर्वोच्च न्यायालयाला २०२० पासून ए-फोर लागतं. झेरॉक्स काढताना समास कापला गेला. त्या समासात न्यायाधीशांनी हाताने लिहिलं होतं : ‘साक्षीदार रडू लागल्याने साक्ष दहा मिनिटे थांबवली.’ साक्षीदाराच्या वागण्याची नोंद करायची मुभा न्यायाधीशांना फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २८० ने दिली होती, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या ३१५ ने. वरच्या न्यायालयाला ती बाई दिसायची ती एकमेव खिडकी, आणि ती कात्रीत गेली. माझ्या लक्षात आलं तोवर याचिका दाखल झाली होती. अतिरिक्त कागदपत्रांचा अर्ज करावा लागला. काकांनी कारण दिलं नाही. ‘माझी चूक’ म्हणाले, पूर्ण संच पुन्हा तपासला, पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून ते झेरॉक्सवरून काम करत नाहीत, सही-शिक्क्याची नक्कल मागतात. तुम्ही गेलात तर तीच घेऊन जा, फोनवरचे फोटो परत पाठवतील.

मांडणी चोख असते. टाइम्स न्यू रोमन, १४ चा टाइप, दीड ओळीचं अंतर, मूळ पानाचा आणि निशाणीचा (एक्झिबिटचा) क्रमांक प्रत्येक पानाच्या डोक्यावर. युक्तिवादात न्यायमूर्तींनी ‘मूळ दाखवा’ म्हटलं की दहा सेकंदांत पान सापडतं. याची किंमत उभं राहून बोलणाऱ्यालाच कळेल.

दिवाणी दाव्यांची, खरेदीखतांची भाषांतरंही ते करतात, पण त्यासाठी एवढं थांबायची गरज नाही. कोर्टासमोर चार जण बसतात, त्यातले दोघे चांगले आहेत. अपिलात एका माणसाच्या शब्दावर सगळं उभं असेल, तो शब्द बोलीतला असेल, तर मात्र इथेच या. तुम्ही आरोपीकडून असा की पीडितेकडून. काका विचारत नाहीत. मी पहिल्यांदा सांगायला गेले की मी कुणाच्या बाजूने आहे, तर त्यांनी हात वर करून थांबवलं आणि म्हणाले, ‘ते नका सांगू ताई, हात वळतो.’

त्या पहिल्या प्रकरणाचं सांगायचं राहिलं. नवीन भाषांतरात पान ११ वर आलं : ‘नो साउंड केम आउट ऑफ माय माउथ’, खाली तळटीपेत देवनागरीत मूळ वाक्य. अपील फेटाळलं गेलं, शिक्षा कायम राहिली. निकालाच्या परिच्छेद २३ मध्ये ते वाक्य जसंच्या तसं आहे. मी तो परिच्छेद तिला फोनवर वाचून दाखवला, आधी इंग्रजीत, मग मराठीत, मग अहिराणीत. ती म्हणाली, ‘हा, असंच सांगं व्हतं मी.’